प्रयोगशाळेतील उंदरांच्या दुर्मिळ गाठी: शून्य आणि सहा या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

मोबाइलच्या लहरींच्या संपर्कात वाढवलेल्या ९० नर उंदरांपैकी सहा उंदरांच्या हृदयात एका विशिष्ट प्रकारची कर्करोगी गाठ सापडली आणि लहरींपासून दूर ठेवलेल्या ९० नर उंदरांपैकी एकातही ती सापडली नाही, असे अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम या सरकारी संस्थेच्या २०१८ सालच्या अहवालात नमूद केलेले होते. 'मोबाइलमुळे कर्करोग सिद्ध' असे शीर्षक ज्यांनी दिले, त्यांनी हेच दोन आकडे पुढे केले; 'हा निव्वळ योगायोग आहे' असे ज्यांनी म्हटले, त्यांनीही हेच आकडे पुढे केले. कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ, कीटकनाशके, वजन घटवणारी इंजेक्शने यांच्याविषयीच्या बातम्यांतही असे आकडे वारंवार येतात आणि दर वेळी वाचक दोन टोकांच्या मध्ये अडकतो.

ही अडचण सोडवायची असेल तर उंदराला काय दिले होते, यापेक्षा वेगळा प्रश्न आधी विचारावा लागतो. ज्या उंदरांना काहीच दिले नव्हते त्यांना त्या प्रकारची गाठ किती वेळा होते? दुर्मिळ गाठीचा अर्थ बहुतांशी या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला असतो, आणि ते उत्तर मिळवणे वाटते तितके सोपे नाही.

## दोन वर्षांचा प्रयोग कसा चालतो

एखादा पदार्थ कर्करोगाला कारणीभूत ठरतो का, हे तपासण्याची प्रस्थापित पद्धत सुमारे अर्धशतक फारशी बदललेली नाही. कोवळ्या वयाचे उंदीर घेऊन त्यांचे गट पाडले जातात. एका गटाला तपासणीचा पदार्थ अजिबात दिला जात नाही. त्याला नियंत्रण गट म्हणतात. उरलेल्या गटांना तोच पदार्थ कमी, मध्यम आणि जास्त मात्रेत दिला जातो. प्रत्येक गटात साधारणपणे ५० नर आणि ५० माद्या असतात आणि प्रयोग दोन वर्षे चालतो. प्रयोगशाळेतील उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असल्यामुळे प्रयोग संपेपर्यंत हे प्राणी म्हातारे झालेले असतात. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरते.

मध्येच मेलेल्या आणि शेवटपर्यंत जगलेल्या अशा सर्व उंदरांचे शवविच्छेदन होते. चाळीसच्या आसपास अवयवांचे व ऊतींचे तुकडे मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ काप घेतले जातात, ते रंगवले जातात आणि विकृतीशास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहतो. म्हणजे बातमीत आलेला 'सहा' हा आकडा हजारो काचपट्ट्या पाहून काढलेला असतो. त्या पाहताना अपेक्षित नसलेल्या कितीतरी गोष्टीही दिसतात.

## काहीही न देता गाठ का होते?

पेशी विभागते तेव्हा तिच्यातील डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा निरुपद्रवी ठरतात. काही मात्र साचत जातात आणि एखाद्या पेशीचा वाढीवरचा ताबा सुटतो. त्यात वयाबरोबर बदलणारी संप्रेरके, वाढलेले वजन आणि जन्मतः आलेली जनुके यांची भर पडते. बाहेरून कोणताही ज्ञात पदार्थ न देता अशा रीतीने होणाऱ्या गाठीला उत्स्फूर्त गाठ म्हणतात. तिला कारण नसते असा याचा अर्थ नाही; प्रयोगकर्त्याने ते कारण पुरवलेले नसते, एवढाच अर्थ आहे.

अशा गाठींचे प्रमाण उंदरांच्या स्ट्रेनवर, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या जोपासलेल्या वाणावर, फार अवलंबून असते. फिशर ३४४ हा वाण १९२० साली कोलंबिया विद्यापीठात मेनी रोझ कर्टिस यांनी सुरू केला. फिशर नावाच्या पुरवठादाराकडून आणलेल्या उंदरांच्या ३४४ क्रमांकाच्या जोडीपासून तो निघाला, म्हणून त्याचे हे नाव. या वाणाच्या बहुसंख्य म्हाताऱ्या नरांच्या वृषणांत गाठी होतात आणि रक्ताचा एक विशिष्ट कर्करोगही त्यांच्यात सर्रास आढळतो. स्प्राग-डॉली या वाणाच्या माद्यांमध्ये पीयूषिका ग्रंथीच्या आणि स्तनाच्या गाठी इतक्या नेहमीच्या आहेत की दोन वर्षांच्या प्रयोगाच्या शेवटी त्या नसलेली मादीच वेगळी वाटावी.

हे माहीत नसेल तर काय होते याचे उदाहरण २०१२ साली जगाने पाहिले. जनुकीय बदल केलेला मका आणि एक तणनाशक यांच्यावर फ्रान्समधील संशोधक जिल-एरिक सेरालिनी यांच्या गटाने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मोठाल्या गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे सर्वत्र फिरली. ते उंदीर स्प्राग-डॉली वाणाचे होते, प्रयोग दोन वर्षांचा होता आणि प्रत्येक गटात एका लिंगाचे फक्त दहा उंदीर होते. या वाणात म्हातारपणी अशा गाठी आपोआपच मोठ्या प्रमाणावर होत असल्यामुळे दहा-दहाच्या गटांतील फरकावरून काहीच ठामपणे सांगता येत नव्हते. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. निष्कर्ष अनिर्णायक असल्याचे कारण त्यासाठी दिले गेले. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला, तरी गटांचा आकार तोच होता.

ही झाली नेहमीच्या गाठींची गोष्ट. तिथे अडचण गोंगाटाची असते. दुर्मिळ गाठींची अडचण नेमकी उलटी, म्हणजे शांततेची असते.

## दुर्मिळ म्हणजे किती?

संख्याशास्त्रज्ञ जोसेफ हेझमन यांनी १९८३ साली सुचवलेली आणि पुढे औषधांच्या मूल्यमापनात रूढ झालेली एक व्यावहारिक रेषा आहे. काहीही न दिलेल्या उंदरांमध्ये जी गाठ एक टक्क्याहून कमी प्रमाणात आढळते ती दुर्मिळ, आणि त्याहून जास्त आढळते ती नेहमीची. मेंदूतील काही गाठी, नाकाच्या आतील गाठी, मूत्रपिंडातील नलिकांच्या गाठी, मूत्राशयाच्या गाठी आणि कानाजवळ असणाऱ्या झिंबल ग्रंथीच्या गाठी बहुतेक वाणांत या रेषेच्या खाली किंवा तिच्या आसपास असतात. मात्र दुर्मिळता हा गाठीचा अंगभूत गुण नव्हे. वृषणाची जी गाठ फिशर ३४४ मध्ये जवळजवळ नियम आहे, तीच स्प्राग-डॉली नरांत फार कमी आढळते. त्यामुळे 'अमुक गाठ दुर्मिळ आहे' हे विधान कोणत्या वाणात, कोणत्या लिंगात आणि कोणत्या वयापर्यंत, हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

आता शून्याकडे वळू. नियंत्रण गटातील ५० उंदरांपैकी एकालाही गाठ झाली नाही, तर तिचे खरे प्रमाण शून्य आहे असे मानता येईल का? नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे. ज्या घटनेची नोंद एकदाही झाली नाही तिचे खरे प्रमाण, ९५ टक्के खात्रीने, तीन भागिले पाहिलेली एकूण संख्या यापेक्षा जास्त नसते. ५० उंदरांसाठी हा आकडा सहा टक्के येतो. म्हणजे पन्नासांत शून्य गाठी दिसल्या, तरी तिचे खरे प्रमाण शंभरात पाच असण्याची शक्यता त्या शून्यामुळे खोडली जात नाही. वाचकाला शून्य हा सर्वांत ठाम आकडा वाटतो. लहान गटांत तो बराच पोकळ असतो.

## एखादी दुर्मिळ गाठ सापडली, तर?

पन्नास अनोळखी माणसांच्या मेळाव्यात कधी न ऐकलेले एखादे आडनाव कानावर पडले, तर त्यात नवल नसते; विरळ आडनावे पुष्कळ असतात आणि त्यांपैकी कोणते ना कोणते भेटतेच. पण तेच विरळ आडनाव पन्नासांपैकी पाच जणांचे निघाले, तर ही माणसे इथे योगायोगाने जमलेली नाहीत, असा संशय घेणे रास्त ठरते.

उंदरांच्या गाठींबाबत हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो. समजा, शंभर वेगवेगळ्या प्रकारच्या दुर्मिळ गाठी आहेत आणि प्रत्येकीचे उत्स्फूर्त प्रमाण हजारात एक आहे. ५० उंदरांच्या एका गटात आधीच ठरवलेली एक विशिष्ट गाठ दिसण्याची शक्यता सुमारे पाच टक्के येते. परंतु शंभरांपैकी कोणती ना कोणती दुर्मिळ गाठ दिसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक येते. थोडक्यात, एखादी विशिष्ट दुर्मिळ गाठ दिसणे विरळ असले, तरी प्रयोगात एखादी दुर्मिळ गाठ दिसणे जवळजवळ ठरलेलेच असते. एकाच प्रकारच्या दोन गाठी ५० उंदरांत जमून येण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास येते. पण शंभर प्रकारांपैकी कोणत्या तरी एकाची अशी जोडी जमण्याची शक्यता दहात एकाहून किंचित जास्त निघते. प्रत्यक्ष प्रयोगात नर, माद्या आणि तीन-चार मात्रांचे गट असतात, त्यामुळे अशा जोड्या अधूनमधून दिसणारच.

मग किती गाठी दिसल्यावर संशय घ्यायचा? नियंत्रण गटातील ५० पैकी शून्य आणि पदार्थ दिलेल्या गटातील ५० पैकी तीन, असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. चार गाठी असतील तर ती सहा टक्क्यांच्या आत येते आणि पाच असतील तर तीन टक्क्यांच्या आत. म्हणून रूढ पाच टक्क्यांच्या कसोटीवर, शून्याच्या समोर किमान पाच गाठी लागतात. नेहमीच्या गाठींसाठी हीच कसोटी एक टक्क्यावर, म्हणजे अधिक कडक, ठेवण्याची शिफारस हेझमन यांनी केली होती. कारण तिथे योगायोगाने फरक दिसण्याची संधी जास्त असते. दुर्मिळ गाठींसाठी कसोटी सैल ठेवली आहे ती दयाबुद्धीने नव्हे. कडक ठेवली तर पन्नासांच्या गटात खरा परिणामही पकडता येणार नाही, हे त्यामागचे कारण आहे.

## जुन्या नोंदी आणि त्यांच्यातील खड्डे

एका प्रयोगातील नियंत्रण गट दुबळा असेल, तर पूर्वीच्या सर्व प्रयोगांतील नियंत्रण गट एकत्र का करू नयेत? तसे केले जाते. पूर्वीच्या नियंत्रण गटांच्या या साठ्याला ऐतिहासिक नियंत्रण म्हणतात आणि दुर्मिळ गाठींच्या निवाड्यात त्याला मोठे वजन असते. पन्नासांत शून्य यापेक्षा दोन हजारांत तीन हा आकडा कितीतरी जास्त सांगून जातो. चालू प्रयोगातील नियंत्रण गट पहिला आणि इतिहास दुसरा, हा क्रम मात्र तज्ज्ञ सहसा मोडत नाहीत, आणि तो मोडू नये असे मला वाटते. कारण जुन्या नोंदींत दिसणारे प्रमाण हे उंदरांचे जेवढे असते तेवढेच ते पाहणाऱ्यांच्या पद्धतीचेही असते.

मेंदूचेच पाहा. पूर्वी मेंदूचे तीन ठिकाणी काप घेण्याची पद्धत होती. नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने पुढे सात ठिकाणी काप घ्यायला सुरुवात केली. जास्त ठिकाणी पाहिले की लहान गाठी जास्त सापडतात. मग तीन कापांच्या काळातील 'दुर्मिळ' प्रमाणाशी सात कापांच्या प्रयोगाची तुलना केली, तर पदार्थ निर्दोष असूनही गाठी वाढल्यासारख्या दिसतील. मूत्रपिंडाचे ठराविक अंतराने अनेक काप घेतले तेव्हाही नेहमीच्या एका कापात न दिसलेल्या बारीक गाठी हाती लागल्या.

आहाराचाही परिणाम होतो. उंदरांना हवे तेवढे खाऊ दिले की ते लठ्ठ होतात आणि पीयूषिका व स्तनाच्या गाठी वाढतात. आहार मोजून दिला की त्या घटतात आणि आयुष्य वाढते. तपासणीचा पदार्थ मक्याच्या तेलात मिसळून नळीने पोटात देण्याची पद्धत पूर्वी सर्रास वापरली जाई. त्यातील नुसत्या तेलामुळेच फिशर ३४४ नरांत स्वादुपिंडाच्या गाठी वाढत आणि रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण घटत असे. नियंत्रण गटाला 'काहीच दिले नाही' असे आपण म्हणतो खरे, पण पिंजरा, आहार, हाताळणी आणि तेल या सर्व गोष्टी त्यालाही मिळालेल्याच असतात.

नावांचाही घोळ होतो. एका विकृतीशास्त्रज्ञाने जिला पेशींची वाढ म्हटले तिला दुसरा सौम्य गाठ म्हणू शकतो. त्यामुळे मोठ्या अभ्यासांत दुसरा विकृतीशास्त्रज्ञ काचपट्ट्या पुन्हा पाहतो आणि वादाच्या काचपट्ट्या, त्या कोणत्या गटातील आहेत हे न सांगता, तज्ज्ञांच्या मंडळासमोर ठेवल्या जातात. गाठींची नावे व निकष जगभर सारखे असावेत यासाठी विकृतीशास्त्रज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन सामायिक नामावलीही तयार केली आहे. तिच्याशिवाय जर्मनीतील नोंदी अमेरिकेतील नोंदींशी जुळवणे म्हणजे नुसता अंदाज ठरला असता.

## गाठ घराण्यातून आली असेल, तर?

आडनावाची तुलना इथे शब्दशः खरी ठरते. नॉर्वेतील राइदार एकर यांनी १९५४ साली विस्टर वाणाच्या उंदरांच्या एका कुळातील मूत्रपिंडाच्या गाठींचे वर्णन केले. मूत्रपिंडाची गाठ उंदरांत एरवी दुर्मिळ. पण या कुळात ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती. १९९० च्या दशकात तिचे मूळ टीएससी२ या एकाच जनुकातील बिघाडात असल्याचे सापडले. माणसांमध्ये याच जनुकातील दोषामुळे ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार होतो आणि त्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतही गाठी होतात. एकर उंदीर त्यानंतर कर्करोगाच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासातील एक प्रतिष्ठित प्राणी बनला. जपानमध्ये स्प्राग-डॉली उंदरांच्या एका वसाहतीतूनही मूत्रपिंडाच्या आनुवंशिक कर्करोगाचे असेच दुसरे कूळ मिळाले आणि त्यामागचे जनुकही निराळे निघाले.

हा इतिहास रंजक आहे, पण प्रयोगकर्त्यासाठी त्यात एक सापळाही आहे. एकाच मादीची पिल्ले नकळत एकाच मात्रेच्या गटात गेली आणि त्यांच्यात असा जनुकीय दोष असला, तर पदार्थाचा काही संबंध नसताना त्या गटात गाठी दिसतील. मूत्रपिंडात पोकळ्यांनी भरलेल्या पेशींची एक खास प्रकारची गाठ असते. ती कोवळ्या उंदरांतही, अगदी तीन महिन्यांच्या प्रयोगांतही आढळते आणि बरेचदा दोन्ही मूत्रपिंडांत एकाच वेळी असते. रसायनामुळे होणाऱ्या गाठींपेक्षा तिचे रूप वेगळे असते आणि ती घराण्यातून येत असल्याचे मानले जाते. म्हणून मूत्रपिंडाच्या गाठी मोजताना अनुभवी विकृतीशास्त्रज्ञ ही गाठ वेगळी काढून ठेवतात.

## मग मोबाइलच्या प्रयोगाचे काय?

त्या प्रयोगात स्प्राग-डॉली उंदरांच्या पूर्ण शरीरावर, दिवसाला सुमारे नऊ तास, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दोन वर्षांपर्यंत सोडल्या होत्या. हृदयातील गाठ होती श्वानोमा, म्हणजे मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींची गाठ. सीडीएमए या मोबाइल संदेशवहनाच्या एका पद्धतीच्या लहरींच्या तीन वाढत्या मात्रांना नरांमध्ये दोन, तीन आणि सहा गाठी होत्या. जीएसएम या दुसऱ्या पद्धतीच्या लहरींना दोन, एक आणि पाच. नियंत्रण गटात शून्य. माद्यांमध्ये असा स्पष्ट परिणाम दिसला नाही.

वर सांगितलेली साधने आता वापरून पाहू. संस्थेच्या आधीच्या नोंदींत या गाठीचे प्रमाण सरासरी १.३ टक्के, म्हणजे दुर्मिळतेच्या एक टक्क्याच्या रेषेच्या किंचित वर, होते आणि एखाद्या अभ्यासाच्या नियंत्रण गटात ते सहा टक्क्यांपर्यंतही गेले होते. सरासरी १.३ टक्के धरले तर ९० उंदरांत एकही गाठ न सापडण्याची शक्यता सुमारे ३० टक्के येते. म्हणजे नियंत्रण गटातील शून्य हे काही आश्चर्य नव्हते, पण त्यामुळे फरक जरा मोठा दिसला. उलट बाजूने, त्याच सरासरीने ९० उंदरांत सहा किंवा अधिक गाठी जमण्याची शक्यता हजारात एक-दोनच येते. त्यात दोन्ही प्रकारच्या लहरींत सर्वांत मोठ्या मात्रेला सर्वांत जास्त गाठी आहेत. हे योगायोगाने घडू शकते, पण त्याला नुसते 'योगायोग' म्हणून झटकून टाकता येत नाही.

एक विचित्र बाब मात्र बातम्यांत फारशी आली नाही. नियंत्रण गटातील नर लवकर मेले. शेवटपर्यंत त्यांपैकी फक्त सुमारे २८ टक्केच जगले, तर लहरी सोडलेल्या गटांतील नर बरेच जास्त जगले. नियंत्रण गटातील मृत्यूंमागे मुख्यतः म्हातारपणी होणारा मूत्रपिंडाचा आजार होता. गाठी वयाबरोबर वाढत असल्यामुळे लवकर मेलेल्या उंदराला गाठ होण्याची संधीच कमी मिळते. प्रत्येक उंदीर किती काळ जगला त्यानुसार त्याचे वजन कमी-जास्त धरण्याची संख्याशास्त्रीय पद्धत वापरली गेली होती; तरीही ही दुरुस्ती पूर्ण समाधान देणारी नाही, असे माझे मत आहे.

संस्थेने हृदयातील गाठींबाबत 'स्पष्ट पुरावा' आणि मेंदूतील गाठींबाबत 'काही पुरावा' अशी वर्गवारी केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'स्पष्ट पुरावा' या शब्दांशी जाहीर असहमती दाखवली. इटलीतील रामाझिनी इन्स्टिट्यूटनेही २०१८ मध्येच, खूप कमी तीव्रतेच्या लहरींच्या सर्वांत मोठ्या मात्रेला नर उंदरांच्या हृदयात याच गाठी वाढल्याचे प्रसिद्ध केले. एकच दुर्मिळ गाठ, एकाच लिंगात, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत दिसावी ही बाब दखल घेण्याजोगी आहे; माणसाने मोबाइल कानाशी धरण्याला हे निष्कर्ष थेट लागू होतात, असे मात्र त्यातून निघत नाही.

## 'दोन-चार गाठी म्हणजे योगायोगच' असे म्हणून चालेल का?

चालणार नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा फॉर्माल्डिहाइड या वायूचा आहे. उंदरांच्या नाकातील कर्करोग काहीही न देता जवळजवळ होतच नाही. १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात हवेच्या दहा लाख भागांत १४.३ भाग एवढ्या प्रमाणात हा वायू हुंगलेल्या उंदरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक उंदरांच्या नाकात कर्करोग झाला. ५.६ भागांच्या गटात तो फक्त दोन उंदरांत, म्हणजे सुमारे एक टक्क्यात दिसला, आणि त्याखालच्या मात्रेला एकातही नाही. तो मधला आकडा एकटा असता तर कोणत्याही कसोटीवर टिकला नसता. पण वरच्या मात्रेचा उसळलेला आकडा, खालचे शून्य आणि जुन्या नोंदींतील जवळपास शून्य यांच्या मध्ये ते दोन उंदीर उभे असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करता आले नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

व्हिनिल क्लोराइडच्या बाबतीत तर प्लास्टिक उद्योगाला दुर्मिळतेनेच सावध केले. इटलीतील चेझारे मालतोनी यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वायू हुंगलेल्या उंदरांच्या यकृतात रक्तवाहिन्यांचा एक अत्यंत विरळ कर्करोग दिसला. १९७४ साली अमेरिकेतील केंटकी राज्यातील एका कारखान्याच्या कामगारांमध्ये नेमका तोच कर्करोग आढळला. माणसांतही तो इतका विरळ आहे की एका कारखान्यातील मोजकी प्रकरणेसुद्धा पुरेशी बोलकी ठरली. फुफ्फुसाच्या कर्करोगाची तेवढीच प्रकरणे असती तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती.

## जास्त उंदीर घेतले, तर प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात सुटेल, पण किंमत मोठी आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विषशास्त्र संशोधन केंद्राने १९७० च्या दशकात एका ज्ञात कर्करोगकारक रसायनावर २४ हजारांहून अधिक लहान जातीच्या उंदरांचा (माइस) प्रयोग केला. एक टक्का जोखीम ओळखता यावी एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. हजारात एक जोखीम त्यालाही सहज दिसली नसती. म्हणूनच उंदीर वाढवण्याऐवजी मात्रा वाढवली जाते. प्राण्याला झेपेल तेवढी मोठी मात्रा दिली की विरळ परिणामही लहान गटात दिसण्याइतका वाढतो. हा नाइलाजाने केलेला सौदा आहे आणि पुढचा आक्षेप त्यातूनच निघतो.

## उंदराला झाले म्हणजे माणसाला होणारच का?

सॅकरीनने दाखवले की दुर्मिळ गाठ खरोखर पदार्थामुळेच झालेली असूनही ती माणसासाठी अप्रस्तुत असू शकते. नर उंदरांच्या मूत्राशयात सॅकरीनमुळे गाठी होतात हे दिसल्यावर १९७७ साली कॅनडाने त्यावर बंधने आणली. नंतरच्या संशोधनात असे आढळले की प्रचंड मात्रेमुळे उंदराच्या मूत्रात कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला इजा करतात आणि अस्तर सतत नव्याने वाढत राहिल्याने गाठ होते. उंदराच्या मूत्राची घडण यासाठी अनुकूल असते, माणसाच्या नसते. २००० साली अमेरिकेने सॅकरीनला कर्करोगकारकांच्या यादीतून वगळले.

झिंबल ग्रंथीचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाते. ही ग्रंथी माणसाला नसतेच. तेव्हा तिच्या गाठींकडे दुर्लक्ष करावे, असे कोणालाही वाटेल. पण बेंझीनमुळे उंदरांच्या या ग्रंथीत गाठी होतात आणि बेंझीनमुळेच माणसांना रक्ताचा कर्करोग होतो. अवयव वेगळा असला तरी पेशींच्या डीएनएला इजा करण्याची पदार्थाची क्षमता दोन्हीकडे तीच असते. त्यामुळे गाठ कुठे झाली यापेक्षा ती कोणत्या मार्गाने झाली, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर गाठी मोजून मिळत नाही.

## नियंत्रण गटच नसेल, तर?

२०२२ साली औषधांच्या नियमांत आंतरराष्ट्रीय सुसूत्रता आणणाऱ्या आयसीएच या संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत भर घालून, इतर पुरावा पुरेसा असल्यास उंदरांवरील दोन वर्षांचा अभ्यास टाळता येईल, अशी वाट मोकळी केली. त्याबरोबरच आणखी एका कल्पनेवर काम चालू आहे. प्रत्यक्ष नियंत्रण गट ठेवण्याऐवजी जुन्या प्रयोगांतील उंदरांच्या नोंदींतून आभासी नियंत्रण गट तयार करायचा, म्हणजे बरेच प्राणी वाचतील.

वजन, रक्ताच्या चाचण्या यांसारख्या मोजमापांसाठी ही कल्पना आकर्षक आहे. दुर्मिळ गाठींसाठी ती एकाच वेळी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोक्याची ठरू शकते. उपयुक्त अशासाठी की पन्नासांच्या पोकळ शून्याऐवजी हजारो उंदरांचा भक्कम आकडा मिळेल. धोका असा की तो आकडा तीन काप घेणाऱ्या प्रयोगशाळेतून आला की सात, उंदरांना मोजून खाऊ घातले होते की पोटभर, एकाच कुळातील किती पिल्ले त्यात होती आणि विकृतीशास्त्रज्ञाने कोणती नामावली वापरली होती, हे प्रत्येक उंदरामागे नोंदलेले असायला हवे. जुन्या अहवालांपैकी अनेकांत ही माहिती उंदरागणिक लिहिलेली नाही. तिथे फक्त गटाचे एकूण आकडे उरले आहेत.